तीनशे रुपयांचं तिकीट आणि ‘कष्टाच्या पैशाची किंमत’

‘खवय्या पुणेकर’ यांस,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं सकाळी आपलं आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात पुण्यात तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव झाला. माणशी ३०० रुपये तिकीट, आत खाल तेवढ्याचे पैसे वेगळे. तिकीट जास्त वाटलं तरी पैसे वसूल होतात, जमलं तर पुढच्या वेळी जरूर जा, असं मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की तिकीट ही लूट आहे, पार्किंग दीड किलोमीटर लांब होतं, प्लेटमध्ये पदार्थ एवढासा, मी ज्यांचं कौतुक केलं ते मांडे खानदेशचे नसून बेळगावचे, हे असलं सगळं सारसबागेच्या चौपाटीवर तिकिटाशिवाय मिळतं, आणि मला आयोजकांनी फुकट पास दिला असणार. शेवटी हे वाक्य: ‘आत जायला पैसे आणि वर खायलाही पैसे, हे ज्यांना कष्टाच्या पैशाची किंमत कधी कळलीच नाही त्यांचेच चोचले.’

मांड्यांचं आधी मिटवून टाकते. मांडे म्हणजे खानदेश असं सरसकट लिहायला नको होतं, हे तुमचं म्हणणं मान्य. बेळगावचे मांडे प्रसिद्ध आहेतच. पातळ, खुसखुशीत, आत पिठीसाखर पसरून घडी घातलेले. मी खाल्ले ते खापरावरचे, पुरण भरलेले, मऊसूत. नाव एकच, पदार्थ दोन. मूळ लेखात तेवढी दुरुस्ती केली आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

‘चौघांच्या कुटुंबाचे दारातच १,२०० रुपये जातात, हे सगळ्यांना परवडणारं नाही’ एवढंच तुम्ही लिहिलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. तुम्ही माझ्या घरात शिरलात. मी कोण, माझ्याकडे पैसा कुठून आला, मला त्याची किंमत आहे की नाही, हे तुम्ही एका लेखावरून ठरवून टाकलंत. हे कोणत्या अधिकाराने, ते मला खरंच कळलेलं नाही.

१९८८ साली वडिलांची कंपनी टाळेबंदीत गेली. मी तेव्हा सातवीत होते. आईने नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत खानावळ काढली. सुरुवातीला अकरा मुलं, पुढे वाढत वाढत चाळीसपर्यंत गेली. सगळी बाहेरगावची, शिकायला आलेली. महिन्याचे पैसे आगाऊ, आणि सलग चार दिवसांपेक्षा जास्त गावाला गेलं तरच खाडा धरायचा. त्या खाड्यांची वही माझ्याकडे होती. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि वही काढायची. कुणाचे किती खाडे, कुणी पाहुणा आणला होता, कुणाचं गेल्या महिन्याचं राहिलंय. मुलं हुज्जत घालायची, ‘मी गुरुवारी संध्याकाळी नव्हतो’ म्हणायची, आणि बारा-तेरा वर्षांची मी त्यांना वहीतलं पान उघडून दाखवायची.

रविवारी फीस्ट असायची. प्रत्येकाला दोन गुलाबजाम. आई तिसरा कुणाला देत नसे. एकदा परभणीकडच्या एका मुलाने ‘काकू, अजून एक?’ असं विचारलं आणि आई नाही म्हणाली. रात्री भांडी घासताना ती कितीतरी वेळ गप्प होती. तो एक गुलाबजाम चाळीस ताटांत किती पडतो, हे तिला पाठ होतं. साखर, खवा, तूप, गॅस, भांडीवालीचा पगार. एप्रिल उजाडला की परीक्षा संपून मुलं गावी जायची आणि जूनपर्यंत चूल जवळजवळ बंद, घरमालकाचं भाडं मात्र दर महिन्याला चालूच. सोळा वर्षं ती खानावळ चालली. माझं आणि भावाचं शिक्षण त्या वहीतून झालं आहे.

आणि तुम्ही मला कष्टाच्या पैशाची किंमत शिकवता?

खानावळीच्या वहीतून मी एक गोष्ट शिकले, ती या महोत्सवालाही लागू पडते, म्हणून सांगते. खाणाऱ्याला ताटातला भाजीपोळीचा खर्च दिसतो. जागेचं भाडं त्याला दिसत नाही. अन्नाच्या कुठल्याही धंद्यात माणूस बुडतो तो बहुतेक वेळा भाड्यापायी.

हे मी काठावर बसून बोलत नाही. २०१६ मध्ये आईने आणि मी एका प्रदर्शनात थालीपीठ-लोण्याचा स्टॉल घेतला होता. आयोजकांचं नाव घेत नाही. प्रवेश सगळ्यांना फुकट होता. स्टॉलचं भाडं तीन दिवसांचं १५,००० रुपये, लाइटचे १,२०० वेगळे, आणि कूपनांवर जी विक्री होईल तिचे दहा टक्के आयोजकांचे. थालीपीठ ६० रुपयांना. म्हणजे पहिली २५० थालीपिठं आम्ही फक्त भाड्यासाठी थापली. गर्दी म्हणाल तर तुडुंब. पण लोक फिरायला आले होते. ‘जरा चव दाखवा’ म्हणायचे, दाखवली की पुढच्या स्टॉलकडे. तीन दिवसांत ३४० प्लेट गेल्या, २०,४०० रुपये झाले. दहा टक्के, भाडं आणि लाइट वजा करा. २,१६० उरतात. आता त्यात भाजणी, लोणी, गॅस, टेम्पो आणि हाताखालच्या दोघींची मजुरी बसवून दाखवा. शेवटच्या रात्री भिजवलेलं पीठ आम्ही घरी आणलं आणि शेजाऱ्यांना वाटलं.

दोन वर्षांनी दुसरीकडे स्टॉल घेतला. तिथे दारात १०० रुपये तिकीट होतं. भाडं ५,०००, विक्रीत वाटा नाही. माणसं अर्धीसुद्धा नव्हती, पण जो आला तो खायचं ठरवून आलेला. ७० रुपयांच्या २९० प्लेट गेल्या. आईच्या हातात त्या वेळी पहिल्यांदा तिच्या दोन्ही मनगटांच्या दुखण्याएवढे तरी पैसे पडले.

सगळे आयोजक तिकीट लावलं की भाडं कमी करतात, असं माझं म्हणणं नाही. दोन्हीकडून घेणारेही असतील. पण मांडव, लाइट, पाणी, स्वच्छतागृहं, सुरक्षारक्षक यांचा खर्च कुणाला तरी उचलावा लागतो. मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ भरतं, तिथे तुम्ही फुकट आत जाता, कारण ते सरकारी आहे आणि मांडवाचा भार सरकारवर आहे. जिथे सरकार नाही तिथे दोनच वाटा आहेत. एक तर दारात तुम्ही द्या, नाहीतर चुलीपाशी उभी असलेली बाई देईल, आणि मग ती ते प्लेटमागे तुमच्याकडून काढेल किंवा पुन्हा येणारच नाही. आपल्याकडे डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. तिथेही तिकीट काढून आत जायचं आणि खाण्याचे पैसे वेगळे द्यायचे. गावोगावच्या बचत गटांच्या बायका तिथे येतात, आणि पुणेकर रांगा लावून जातात. तेही सगळे तुमच्या हिशेबी चोचलेवाले का?

आता ते मांडे, ज्यांच्यासाठी मी त्या महोत्सवात दोनदा गेले. (दोनदा, म्हणजे ६०० रुपये. लिहून ठेवा.)

करणाऱ्या ताई जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या होत्या. वस्त्रगाळ केलेल्या पिठाची कणीक, इतकी सैल की परातीत ठेवली की पसरायची. ती त्या उचलून उचलून परातीत आपटत होत्या, मध्येच तेलाचा हात, मध्येच पाण्याचा. ताणली की न तुटता लांब जायला लागली तेव्हा थांबल्या. पुरण भरलेला गोळा थोडा थापून दोन्ही हातांवर घेतला आणि या हातावरून त्या हातावर असा फिरवायला लागल्या. पोळपाट नाही, लाटणं नाही. गोळा तळव्यांवरून मनगटावर आला, मनगटावरून कोपराकडे सरकला, आणि बघता बघता त्यांच्या हातांवर ओल्या धोतराचं फडकं वाळत घातल्यासारखा लोंबायला लागला. आतलं पुरण पिवळं दिसत होतं, पण कुठे फुटलं नव्हतं. मग चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो त्यांनी अलगद सोडला. त्यांच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर एक जुना, गुळगुळीत झालेला भाजल्याचा डाग होता.

मी विचारलं, खापर इथे घेतलं का? म्हणाल्या, गावाहून दोन आणले, गोधडीत गुंडाळून, रात्रीच्या एसटीनं, एक मांडीवर आणि एक सीटखाली. सीटखालचं शिरूरच्या आसपास तडकलं. तीन दिवस सगळं काम एका खापरावर चाललं होतं. रांग का लागली होती ते यावरून कळेल. तुम्हाला ती रांग ‘गैरव्यवस्थापन’ वाटली.

त्यांना मी भाड्याचंही विचारलं. तीन दिवसांचे ६,०००. ‘जास्त राहिलं असतं तर आम्ही आलोच नसतो ताई,’ असं त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून भरीत करणारं एक जोडपं होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ती वांगी, पोपटीसर पांढरी, बिया कमी, सालीखाली लोण्यासारखी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. हे दोन्ही पदार्थ पुण्यात रोज कुठल्या गाडीवर मिळतात ते मला सांगा, मी उद्या संध्याकाळी जाते. सारसबागेची पावभाजी मी लहानपणापासून खात आले आहे आणि पुढेही खाईन. पण सारसबागेत मिळतं त्याच्यासाठी मी ३०० रुपये द्या असं कुठे म्हटलं होतं? पावभाजी, मोमो आणि चीज घातलेला डोसा त्या महोत्सवातही होता. तुम्ही तेच खाल्लं असेल तर तुमचे पैसे वाया गेले हे खरं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. मात्र बाजूला खापर पेटलेलं असताना तुम्ही मोमोच्या रांगेत का उभे राहिलात, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पार्किंगचं म्हणाल, तर मी बसने गेले होते. प्लेट लहान होत्या, असतीलही. मला मांडा पुरला, दोघींत एक.

राहिला फुकट पासचा आरोप. लेखन मी गेली नऊ वर्षं करते आहे. या काळात एकाही हॉटेलाचं, एकाही महोत्सवाचं फुकट जेवण मी घेतलेलं नाही, आणि हे माझ्या वाचकांना माहीत आहे. तुम्ही ‘असणार’ असं लिहिलंत. ‘आहे’ लिहिण्याइतका पुरावा नाही आणि गप्प राहण्याइतका संयम नाही, तेव्हा माणूस ‘असणार’ लिहितो. दोन्ही दिवसांच्या तिकिटांच्या अर्ध्या चिठ्ठ्या माझ्या पाकिटात होत्या, त्यांचा फोटो मूळ लेखाखाली लावला आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. तिकीट महाग आहे, हे तुमचं मत तिथेच राहू द्या, लोक वाचतील आणि आपलं आपण ठरवतील. मला फक्त त्या शेवटच्या वाक्याबद्दल तुमच्याकडून दोन ओळी हव्या आहेत. आई आता ७४ वर्षांची आहे. माझं सगळं लिखाण ती मुलाकडून मोठ्या अक्षरांत करून घेऊन वाचते, खालच्या प्रतिक्रियांसकट. तुमचं वाक्य तिनेही वाचलंय.