क्लास परत करणारं फंक्शन आणि ‘नुसतं टाइप लिहा’ हा सल्ला

पायथनवाल्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: “फंक्शन क्लासच परत देत असेल तर ॲनोटेशनच्या (काय परत येणार ते कोडमध्ये लिहून ठेवण्याच्या) भानगडीत पडू नका, पायथन ते तपासत नाही. अगदीच हवं तर क्लासचं नाव लिहा, नाहीतर नुसतं ‘टाइप’. आणि क्लास फंक्शनच्या आतच बनत असेल तर काही लिहिताच येत नाही.” एका दमात चार दावे.

पायथन तपासत नाही, कबूल. पण ॲनोटेशन लिहायचं ते मायपाय, पायराइट यांसारख्या चेकरसाठी (कोड न चालवता टाइप तपासणाऱ्या साधनांसाठी) आणि एडिटरसाठी.

क्लासचं नाव लिहा? इथेच बहुतेक जण घसरतात. समजा, ‘वाचक’ या पालक क्लासखाली सीएसव्हीवाचक आणि जेसनवाचक आहेत, आणि ‘वाचक_निवडा’ हे फंक्शन फाइलचा प्रकार बघून त्यातला एक क्लास परत देतं. फंक्शनच्या पहिल्या ओळीतल्या बाणापुढे (->), म्हणजे काय परत येणार ते लिहायच्या जागी, ‘वाचक’ लिहिलंत की त्याचा अर्थ होतो वाचकचा तयार ऑब्जेक्ट. मायपाय रिटर्नच्या ओळीवरच अडवतं. बरोबर रूप आहे ‘टाइप[वाचक]’, म्हणजे वाचक किंवा त्याच्याखालचा क्लास स्वतः. पूर्वी त्यासाठी टायपिंग मॉड्यूलमधला ‘टाइप’ इम्पोर्ट करावा लागायचा. 2020 मध्ये आलेल्या पायथन 3.9 पासून भाषेच्या अंगचाच ‘टाइप’ चालतो.

नुसतं ‘टाइप’ म्हणजे ‘टाइप[एनी]’, म्हणजे कुठलाही क्लास चालेल. मग परत आलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवून ‘वाचा()’च्या जागी चुकून ‘वाच()’ लिहा, चेकर हूं की चूं करत नाही. मला तर हे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण कोड बघणाऱ्याची समजूत होते की तपासणी चालू आहे.

टाइप[वाचक]ही दरवेळी पुरत नाही. क्लास घेऊन, त्याची नोंद करून तोच परत देणारं फंक्शन असेल, तर सीएसव्हीवाचक आत जातो आणि चेकरच्या लेखी नुसता वाचक बाहेर येतो. त्याच्या खास मेथड गायब. तिथे टाइपव्हार (जो टाइप आत येईल त्याची जागा धरणारं नाव) हवा: ‘टाइप[टी]’ आत, ‘टाइप[टी]’ बाहेर. पायथन 3.12 पासून हा ‘टी’ फंक्शनच्या नावापुढेच चौकटी कंसात लिहिता येतो.

आता शेवटचा दावा. आत बनलेल्या क्लासचं नाव बाहेर, फंक्शनच्या पहिल्या ओळीत, लिहिता येत नाही, हे खरं. पण त्याच्या पालकाचं येतं, आणि पालक नसेल तर हव्या त्या मेथडचा प्रोटोकॉल (क्लासमध्ये कुठल्या मेथड हव्यात याची यादी) लिहून ‘टाइप[...]’मध्ये घालता येतो. खरी अडचण वेगळीच आहे: असा परत आलेला क्लास दुसऱ्या क्लासचा पालक म्हणून वापरायला गेलात की मायपाय कुरकुरतं, ॲनोटेशन कितीही नेटकं असलं तरी.