पाणी नाही तर ओसी (इमारत वापरायचा दाखला) देता कशी?

पर्वरीच्या पठारावर विधानसभा आहे, सचिवालय आहे, हायवेवर उड्डाणपुलाचं काम काढलं. नळाला मात्र पाणी नाही! वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात एप्रिल लागला की सोसायट्यांच्या गेटवर टँकर, आणि याची कोणालाच लाज वाटत नाही.

साधा हिशोब करा. शहरी मापदंड माणशी दिवसाला 135 लिटर. चौघांच्या घराला 540, वीस फ्लॅटच्या इमारतीला 10,800. म्हणजे नळाची लाइन बंद पडली की दहा हजार लिटरचा एक टँकर दिवसभरही पुरत नाही. 2021 च्या सप्टेंबरात सरकारने महिना 16,000 लिटर फुकट पाण्याची योजना आणली. आकडा बरोबर आहे, चौघांना महिनाभर तेवढंच लागतं. पण तोटीतून हवा येत असेल तर फुकट काय घ्यायचं? बरं, त्या हवेनेही मीटर फिरतं. मीटरच्या अलीकडे एअर व्हॉल्व्ह बसवला की हवा बाहेर जाते, पण बिल्डरला तेवढाही खर्च जड होतो.

बारा मीटर उंच गच्चीवरच्या टाकीत पाणी आपोआप चढायला लाइनला दर चौरस सेंटिमीटरला किमान सव्वा किलो दाब हवा. पठारावर, लाइनच्या टोकाला, तो असलाच तर पहाटे थोडा वेळ. म्हणून खाली संप, म्हणजे जमिनीतला हौद, लागतो, दोन दिवसांचं पाणी मावेल एवढा. वीस फ्लॅटना बावीस हजार लिटर. प्रत्यक्षात पाच हजार लिटरचा खड्डा आणि त्यावर पार्किंग! ओसी देताना झाकण उचलून आत कोण बघतं?

मग लोक नळाच्या लाइनलाच थेट पंप लावतात. हा तर निव्वळ नालायकपणा आहे. एकाने लावला की शेजारी लावतो, आणि शेवटच्या घराला थेंब मिळत नाही. शिवाय अर्धवट भरलेल्या लाइनमधून पंप ओढू लागला की बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त होतो आणि गळक्या जॉइंटमधून गटाराचं, सोकपिटाचं (शोषखड्ड्याचं) पाणी पाइपात शिरतं. तेच पाणी पोरांच्या पोटात जातं. पंप कोरडा चालून सील जळतं ते वेगळंच.

टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, हे विचारायची सोय नाही. निदान दहा हजार लिटरला 25 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर तरी घाला. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी संपात ओतायची, तासभर थांबून क्लोरीन तपासायचा. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी उरला तर ते पाणी पिऊ नका. सोसायटीची कमिटी टँकरची पावती फाइलला लावते, क्लोरीन बघत नाही.

नव्या प्रकल्पाला ओसी देण्याआधी संप काठोकाठ भरून दाखवायला लावा. लाइनवर प्रेशर गेज बसवा आणि मे महिन्यात, भर दुपारी मोजा. ते आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचा. दाब नसेल तर ओसी नाही, मग बिल्डर कोणाच्याही ओळखीचा असो.