नवतपातला पाऊस

मे महिन्याच्या शेवटी नागपुरात पाऊस हवा असेल तर देवाकडे जाण्यात अर्थ नाही. तो स्वतःच कूलरसमोर बसलेला असतो. म्हणून सिनेमावाले माझ्याकडे, म्हणजे आवाज बनवणाऱ्याकडे येतात.

या खेपेचा सीन म्हणजे गोठ्याच्या पत्र्याखाली नायक-नायिका, बाहेर धो-धो पाऊस आणि प्रेमाचा लांबलचक संवाद. शूटिंगला टँकर आणला होता, पण टँकरच्या पाण्याचा आवाज टँकरसारखाच येतो. त्यामुळे पाऊस मला पाडायचा होता, सक्करदऱ्यातल्या माझ्या खोलीत, पारा 45 वर आणि कूलर बंद. चालू ठेवला तर मोटरची घोंघों 50 हर्ट्झपासून पटीपटीनं वर चढते, आणि माइकला नेमकी तीच आवडते.

खरा पाऊस माझ्याकडे होता. जुलैमध्ये अंबाझरीला छत्री धरून रेकॉर्ड केलेला. डायरेक्टरनं डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "भाऊ, हा पाऊस वला नाही वाटून राहिला."

खोटं नव्हतं ते. नुसता पाऊस रेकॉर्ड केला की जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखी खरखर ऐकू येते. पाऊस ओळखू येतो तो कशावर पडतोय त्यावरून. मग सुरू झाले थर. सर्वांत खाली अंबाझरी. त्यावर सुपात मोहरी घेऊन हळूहळू तिरपं करत काढलेली बारीक सर. पळसाच्या पत्रावळीवर झारीचं पाणी, म्हणजे झाडं आली. पन्हाळीसाठी बादलीत धार. पत्र्यावरचे टपोरे थेंब मात्र पत्र्यावरच घ्यावे लागले, तेही गच्चीवर, भर दुपारी. पत्रा इतका तापलेला की पहिले थेंब टप् न वाजता चर्र करून उडून गेले. डायरेक्टरच्या सीनमध्ये पाऊस, माझ्या माइकमध्ये कांदाभजी. शेवटी पत्रा खोलीत आणला, गार होऊ दिला आणि मग गडगडाटासाठी दोन्ही हातांनी गदागदा हलवला.

शेजारच्या काकू दारात. "काहून रे बाप्पा, भर दुपारी पत्रा काहून बडवून राहिला?"

"काकू, वीज पाडतोय."

"आमची तर सकाळपासून गेलीच आहे!" असं म्हणून त्या निघून गेल्या. तेवढा वेळ त्यांचा कूलर बंद होता, ते माझं भाग्य.

थर वाढवले की पाऊस वाढतो, असं नवख्याला वाटतं. एकच रेकॉर्डिंग किंचित मागेपुढे करून दोनदा लावा, दोन्ही लहरी एकमेकींना खातात आणि मुसळधार पाऊस डब्यात शिरतो. विजेचं तर वेगळंच रामायण. ढग किलोमीटरभर लांब असेल तर चमकल्यावर जवळजवळ तीन सेकंदांनी गडगडतं. डायरेक्टरला ते त्याच फ्रेमला हवं होतं. त्याची वीज थेट नायिकेच्या डोक्यावरच पडत असावी.

सगळं जुळलं. मिक्सिंगला बसलो. "संवाद नाही ऐकू येऊन राहिला, पाऊस जरा कमी करा." केला. मग व्हायोलिन आलं. आणखी कमी. मोहरी गेली, पत्रावळ गेली, पन्हाळ गेली. उरला तो अंबाझरीचा एकटा ट्रॅक, तोही कान लावून ऐकावा इतका. डायरेक्टर खूश. "आता वला वाटून राहिला!"

पुढच्या सीनमध्ये जंगलाला वणवा लागतो. त्यासाठी चिप्सची रिकामी पाकिटं चुरगाळावी लागतात. ती रिकामी करून द्यायला गल्लीतले सगळे पोट्टे तयार आहेत, फक्त भरलेली मीच आणून द्यायची आहेत.