फेअर प्ले पुरस्कार हेरगिरीबद्दल मिळाला नव्हता

‘प्रतिस्पर्ध्याचा सराव लपून पाहणे ही चोरी नव्हे, गृहपाठ!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या गोव्यातल्या फुटबॉलच्या ग्रुपांवर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. शेवटी ‘खरे फुटबॉलप्रेमी असाल तर पुढे पाठवा’ ही ठरलेली ओळ. एरवी मी असलं काही शेवटपर्यंत वाचत नाही. पण माझी बहीण शेजारच्या गावात दिली आहे, तिचा मुलगा नववीत आहे, तिथल्या क्लबच्या कुमार संघात लेफ्ट बॅक खेळतो, आणि आंतरग्राम स्पर्धेत यंदा त्यांची गाठ आमच्याच गावाशी आहे. त्यांच्या प्रशिक्षकाने हा मेसेज मुलांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांनी मनावर घ्यावे.’ संध्याकाळी भाच्याचा फोन. ‘मामा, तुमच्या गच्चीवरून मैदान दिसतं ना?’

दिसतं. पण गच्ची मिळणार नाही. का, ते सगळ्यांसाठीच लिहितो, कारण तो मेसेज त्या एका ग्रुपवर थांबलेला नाही.

मेसेजचा सगळा डोलारा मार्सेलो बिएल्सा या एका माणसावर, इंग्लंडच्या लीड्स युनायटेड क्लबच्या तेव्हाच्या प्रशिक्षकावर, उभा आहे. मेसेज म्हणतो: ‘बिएल्साने लीड्स युनायटेडसाठी हेच केले, जगासमोर कबूल केले, आणि त्याच वर्षी फिफाने त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला. म्हणजे फिफाच्या लेखी ही खिलाडूवृत्तीच!’ शेवटचा निष्कर्ष सोडला तर यातलं प्रत्येक सुटं वाक्य खरं आहे. म्हणून तर लोक फसतात.

घडलं ते असं. १० जानेवारी २०१९ रोजी इंग्लंडमध्ये डर्बी काउंटीच्या सराव मैदानाबाहेर लीड्सचा एक माणूस सापडला. दुसऱ्या दिवशी या दोन संघांचा सामना होता. तो लीड्सने २-० असा जिंकला. डर्बीचा प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड भडकला. बिएल्साने त्याला आधीच फोन करून सांगितलं होतं की माणूस मीच पाठवला. काही दिवसांनी त्याने पत्रकारांना बोलावून पडद्यावर आपलं सगळं काम दाखवलं आणि या मोसमात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सराव आपण पाहिला आहे, असंही सांगून टाकलं. हा मोकळेपणा मलाही आवडतो. आपल्याकडे पकडलेला माणूस आधी ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणतो.

पुढचं मात्र मेसेजने गाळलं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगने लीड्सला २ लाख पौंडांचा दंड केला. प्रत्येक क्लबने दुसऱ्या क्लबशी पूर्ण सद्भावनेने वागलं पाहिजे, असा लीगचा नियम आहे, त्याचा भंग झाला म्हणून. दंड बिएल्साने स्वतःच्या खिशातून भरला. आणि लीगने नवा नियमच केला: सामन्याआधीच्या ७२ तासांत प्रतिस्पर्ध्याचा सराव, त्याने बोलावल्याशिवाय, स्वतः किंवा दुसऱ्याकरवी पाहायचा नाही.

आता तो पुरस्कार. २८ एप्रिल २०१९ रोजी लीड्सचा ऍस्टन व्हिलाशी सामना होता. व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडला होता, लीड्स खेळ थांबवणार असं व्हिलाला वाटलं, आणि तेवढ्यात लीड्सने गोल केला. मैदानात धक्काबुक्की झाली. बिएल्साने काठावरून ओरडून आपल्या संघाला सांगितलं, त्यांना गोल करू द्या. त्यांनी करू दिला आणि सामना १-१ असा सुटला. लीड्स तेव्हा वरच्या श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये, जायला धडपडत होता, एकेका गुणाची किंमत होती. फिफाचा पुरस्कार या गोलाबद्दल होता. हेरगिरीशी त्याचा काडीचा संबंध नाही. एकाच वर्षी, एकाच माणसाला, एका गोष्टीसाठी दंड आणि दुसरीसाठी बक्षीस. मेसेज लिहिणाऱ्याने दंड झाकला आणि बक्षीस उचलून पहिल्या गोष्टीवर चिकटवलं. हे अज्ञानातून झालं असेल, असं मानायला मी तयार नाही. ज्याला पुरस्काराचं वर्ष माहीत आहे, त्याला कारण माहीत नसेल?

‘कायद्याने गुन्हा नाही, मग अनैतिक कसे?’ हा पुढचा मुद्दा. अर्धं मान्य करतो, करावंच लागेल. लीड्सच्या माणसावर पोलिसांनी कारवाई केली नाही, आणि ‘सराव पाहू नये’ असा स्पष्ट नियमही तेव्हा लीगकडे नव्हता. पण दंड झालाच ना? खेळातली निम्मी सभ्यता नियमपुस्तकाबाहेरच असते. जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर मारावा, असं कुठल्या नियमात लिहिलं आहे? तरी आपल्या शेतातल्या सामन्यातसुद्धा पोरं तो मारतात, आणि नाही मारला तर काठावरचे म्हातारे शिव्या घालतात. जाता जाता मेसेजमध्ये ‘आता तर ड्रोन स्वस्त झालेत’ असंही सुचवलंय. ड्रोनला आपल्या देशात २०२१ चे नियम आहेत, विमानतळांच्या आसपास परवानगीशिवाय ते उडवता येत नाहीत. एकीकडे दाबोळी नौदलाच्या ताब्यात, दुसरीकडे मोपा. वास्कोच्या टिळक मैदानावर ड्रोन सोडून बघा, फुटबॉलचं पुढचं बोलणं पोलीस ठाण्यात होईल.

बहिर्जी नाईकांचा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. ‘महाराजांनी हेर ठेवले, आपण ठेवले तर बिघडले कुठे?’ महाराजांसमोर विजापूर होतं, मोगल होते. तिथे पंच नव्हता, शिट्टी नव्हती, आणि सापडलेला हेर घरी परत जात नव्हता. आमच्यासमोर कोण आहे? ज्या गावात आमची बहीण नांदते ते गाव. सामना संपला की दोन्हीकडची पोरं एकाच गाड्यावर रस ऑम्लेट खातात आणि सोमवारी एकाच कदंब बसने शाळेला जातात. महाराजांचं नाव घेतलं की पुढे कुणी बोलणार नाही, एवढाच हिशेब यामागे आहे.

‘सगळेच करतात.’ इथे मेसेजने जर्मनीचा दाखला दिला आहे, आणि तो खरा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये वेर्डर ब्रेमेनने हॉफेनहाइमच्या सरावावर ड्रोन उडवला होता. हॉफेनहाइमचा प्रशिक्षक युलियान नागेल्समान चिडलाही नाही. समोरचा संघ इतकी मेहनत घेतो, असं म्हणून त्याने उलट दाद दिली. ठीक आहे, मोठ्या फुटबॉलमध्येही यावर एकमत नाही, हे मी लिहून देतो. पण मेसेज पुढचं सांगत नाही: ब्रेमेनने माफी मागितली. जी गोष्ट ‘गृहपाठ’ असते तिच्यासाठी कुणी माफी मागतं का?

आणि गोव्याचा दाखला काय दिला आहे, तर ‘कोविडच्या काळात आयएसएलचे अकरा संघ इथेच सराव करत होते, कुणी कुणाचे पाहिले नसेल काय?’ आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग. हा नुसता प्रश्न आहे, पुरावा कुठे आहे? २०२०-२१ मध्ये सगळे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे प्रेक्षकांविना झाले. हॉटेल, सराव, सामना आणि परत हॉटेल, एवढंच खेळाडूंचं जग होतं. आपल्या गावात राहून आपल्याला ते दिसत नव्हते. तेव्हा एखाद्या संघाचं नाव घेऊन आरोप करायचा तर करा, नाहीतर ‘नसेल काय’ सोडा.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ यावर फार लिहीत नाही. कॉर्नरच्या वेळी कोण कुठे धावणार, पेनल्टी कोण मारणार, गोलरक्षकाचा खांदा अजून दुखतोय का, हे सगळं सरावातच दिसतं. शिवाय सराव ही चुका करायची जागा आहे. पंधरा वर्षांचं पोर तिथे दहा वेळा चुकतं तेव्हा एकदा सामन्यात जमतं.

‘निकाल बदलत नाही, म्हणून नुकसान नाही’ हेही खरं वाटेल असं रचलं आहे. त्याच मोसमात मे महिन्यात, वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत डर्बीने लीड्सला त्यांच्याच मैदानावर ४-२ हरवून बाहेर काढलं. खुद्द बिएल्साही म्हणाला होता की यातून फारसं काही हाती लागत नाही, मी ते माझी अस्वस्थता कमी व्हावी म्हणून करतो. मग फायदा नसलेल्या कामासाठी दुसऱ्याच्या कुंपणाशी पोरं कशाला उभी करायची?

इथून मी सगळ्यात घाणेरड्या मुद्द्याकडे येतो. मेसेजच्या शेवटी आहे, म्हणून पुष्कळांनी तिथवर वाचलंही नसेल. शब्द असे: ‘या कामाला लहान मुले उत्तम. त्यांच्यावर कोणी संशय घेत नाही, आणि त्यांनाही संघासाठी काही केल्याचा अभिमान वाटतो.’

ज्यांना हे सहज वाटतं त्यांनी २०२४ चं पॅरिस ऑलिम्पिक आठवावं. कॅनडाचा महिला संघ गतविजेता होता. स्पर्धेआधी सेंट-एतियेनमध्ये न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन दिसला आणि तो कॅनडाच्या पथकातल्या माणसाचा निघाला. फिफाने कॅनडाचे ६ गुण कापले, २ लाख स्विस फ्रँकचा दंड केला आणि प्रशिक्षक बेव प्रीस्टमनसह तिघांवर वर्षभराची बंदी घातली. ड्रोन उडवणाऱ्याला फ्रान्समध्ये आठ महिन्यांची स्थगित कैद झाली. फिफाच्या लेखी हेरगिरी म्हणजे काय, हे कुणाला हवं असेल तर ते या निर्णयात आहे. तिथे खिलाडूवृत्तीचा भंग असाच ठपका आहे.

पण माझ्या डोक्यात राहिली ती दुसरीच गोष्ट. गुणकपातीविरुद्धचं अपील क्रीडा लवादाकडे गेलं, लवादाने ते फेटाळलं, आणि निकालपत्रातून प्रीस्टमनचा मार्च २०२४ मधला एक ईमेल बाहेर आला. संघाच्या एका विश्लेषकाने हे काम यापुढे करायला नकार दिला होता. त्याने कारणं दिली होती: नैतिकदृष्ट्या पटत नाही, या क्षेत्रातलं माझं नाव खराब होईल, आणि पकडलो गेलो तर सामन्याच्या दिवशी माझं खरं काम करता येणार नाही. यावर प्रशिक्षकाने काय केलं असेल? सल्लागाराला लिहून विचारलं की याला कसं समजावायचं, विश्लेषक हे नेहमीच करत आले आहेत.

हे पुन्हा एकदा वाचा. तो शिकलेला, पगारी, प्रौढ माणूस होता. त्याला ‘नाही’ म्हणायला कारणं लिहून द्यावी लागली, आणि तरी वरून दाब आलाच. मग नववीतलं पोर आपल्या प्रशिक्षकाला काय ‘नाही’ म्हणणार? अकरा जणांत नाव येणार की नाही, हे ज्याच्या हातात आहे, त्यानेच ‘मनावर घ्या’ लिहिलंय. पोराला ती विनंती वाटत नाही. गच्चीवर सापडलं तर मार ते खाणार, प्रशिक्षक म्हणणार मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. आणि मोबाइलवर काय उतरणार? दुसऱ्या गावची अल्पवयीन मुलं, त्यांच्या नकळत. आमच्या मैदानावर संध्याकाळी मुलींचाही सराव असतो. त्यांच्या आईबापांना मी काय सांगू, की हा आमचा भाचा आहे, गृहपाठ करतोय?

कॅनडाच्या खेळाडूंचं काय झालं तेही ऐका. ड्रोनशी त्यांचा संबंध नव्हता. गटातले तिन्ही सामने जिंकल्या, ९ गुण मिळवले, हातात राहिले ३. तेवढ्यावर उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि जर्मनीकडून पेनल्टींवर हरल्या. दुसऱ्याच्या उपद्व्यापाची भरपाई मैदानात धावून करावी लागली ती त्यांना.

उघड्या मैदानाचं म्हणाल तर आपल्याकडे भातकापणी झाली की शेतंच मैदानं होतात, कुंपण कुठलं? बांधावर बसून कुणी सराव बघतो, नमस्कार करतो, दोन सल्ले देऊन जातो. त्यालाही कुणी हरकत घेतलेली नाही. मी गच्चीला नाही म्हणतोय, बांधाला नाही.

आता खरा गृहपाठ, जो मेसेजमध्ये आलाच नाही. बिएल्साने पत्रकारांना पडद्यावर दाखवलं त्यातलं बरंचसं काम वेगळंच होतं. डर्बीचे आदल्या मोसमातले ५१ सामने त्याच्या माणसांनी पाहिले होते, आणि एकेका सामन्याच्या विश्लेषणाला चार-चार तास लागले होते. त्यासाठी त्याला कुणी दंड केला नाही, करणारही नव्हतं. आमच्या गावाचे या स्पर्धेतले सगळे सामने उघड्यावर झाले, तिकीट नव्हतं, खुर्च्याही ठेवल्या होत्या. मी प्रत्येकाला हजर होतो. भाच्याचे प्रशिक्षक एकालाही दिसले नाहीत.