प्लेस : मुंबई

जॉब फेअरच्या तयारीची पहिली विकेट आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात पडते. घरी एका पानात चापूनचोपून बसवलेला रेझ्युमे दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडला की अंग सैल सोडतो. तुमचा फॉन्ट त्या मशीनमध्ये नसतो, मग ते स्वतःच्या मर्जीचा, जरा ऐसपैस फॉन्ट लावतं. ओळी खाली सरकतात आणि दुसऱ्या पानावर दोनच ओळी उतरतात : 'प्लेस : मुंबई' आणि 'डेट'. मागे रांग असते. "काका, जरा थांबा," म्हणेपर्यंत काकांनी १५ प्रतींची ३० पानं काढलेली असतात. म्हणून वर्डची फाइल न नेता पीडीएफ करून न्यावी. फॉन्ट सहसा त्यातच बांधलेला येतो. आणि 'वरील माहिती खरी आहे' हे डिक्लरेशन मी तर उडवूनच टाकायला सांगेन. रेझ्युमे आहे, तहसील कचेरीतलं शपथपत्र नव्हे.

आठ-दहा कंपन्या गाठायच्या तर १५ प्रती पुरतात. त्यातल्या दोन-तीन पाण्याच्या बाटलीच्या घामाने भिजणार, हे धरूनच चालायचं. फोल्डर कडक पुठ्ठ्याचा घ्यावा आणि बॅग पोटावर.

गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात जायचं असेल तर राम मंदिर स्टेशन सोयीचं. तिथे स्लो लोकलच थांबते. इस्त्रीचा शर्ट अंगात घालून गर्दीत शिरणं म्हणजे पापड ओल्या फडक्यात बांधणं. टी-शर्टवर जावं, शर्ट तिथे बदलावा. नवे बूट आठवडाभर आधी घरात घालून फिरा, घरचे हसले तरी. तीन-चार तास रांगेत उभं राहिल्यावर टाचेला फोड आला की चेहऱ्यावरचा आत्मविश्वास लंगडायला लागतो.

आवडत्या कंपनीकडे थेट धावू नये. पहिल्या स्टॉलवर जीभ अडखळतेच, तेव्हा ती दुसरीकडे कुठेतरी अडखळू द्यावी आणि तिसऱ्या नंबरला मनातल्या कंपनीकडे जावं. जेवणाच्या सुट्टीच्या आत मात्र. नंतर समोरच्यांचे डोळे मिटायला लागतात. स्वतःबद्दल बोलायला ३० सेकंद पुरे : नाव, शाखा, एक प्रोजेक्ट आणि त्यात तुम्ही नेमकं काय केलंत, कुठलं काम हवंय. 'आय ॲम हार्डवर्किंग' रांगेतल्या पुढच्या सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. आणि सहा फुटी बॅनरसमोर उभं राहून "तुमची कंपनी काय करते?" हे विचारू नका. त्यांची वेबसाइट आदल्या रात्री दहा मिनिटं वाचली तरी भागतं.

मिळालेल्या कार्डामागे लगेच दोन शब्द खरडा : 'चष्मा, टेस्टिंग, जूनमध्ये जागा'. घरी पोचेपर्यंत सगळी कार्डं जुळ्या भावंडांसारखी दिसतात आणि २४ तासांच्या आत पाठवायच्या मेलमध्ये कोणाला काय लिहायचं हेच आठवत नाही. फुकटची पेनं घ्या, पण शेवटच्या फेरीत. वडापावही तेव्हाच. आधी खाल्लात तर लसणाची चटणी तुमच्याआधी इंटरव्ह्यू देते.