पट्टीचे मालक

जुळे सोलापुरात दीडशे चौरस मीटरपेक्षा थोडासा लहान असा एक भूखंड सातबाऱ्यापुरता माझा आहे. त्यातील चारही बाजूंच्या पट्ट्यांवर सत्ता सामासिक अंतराची, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेची, चालते. राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली एवढ्याशा भूखंडाच्या मालकाशी खरे तर प्रेमानेच वागते. वास्तुविशारदाच्या सहीचा नकाशा दाखल करावा, शुल्क भरावे आणि मिळालेल्या पावतीलाच परवानगी मानून पाया खणावा. अडचण एवढीच, की तो नकाशा त्याआधी आमच्या घरी मंजूर व्हावा लागतो आणि तेथे पावती देण्याची पद्धत नाही.

पेठेत भिंतीला भिंत लावून संसार केलेल्या आईने नकाशा हातात घेताच कडेच्या रिकाम्या पट्टीवर बोट ठेवले. "पैसे आपण मोजले, मग ही जागा कुणासाठी सोडायची ओ?"

"हवा-उजेडासाठी की ओ, काकू," वास्तुविशारद म्हणाले.

"मे महिन्यात सोलापूरची हवा घरात कोण घेतंय? आम्ही खिडक्या लावून, ओले पडदे सोडून बसतो."

या मुद्द्यावर नियमावलीत उत्तर नसावे, कारण ते गृहस्थ पाणी मागून प्यायले.

मेहुण्यांचे मत तर याहून व्यवहारी होते. गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले भूखंड आणि त्यांवरची घरे, नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, पुढे २०२१ मध्ये त्याचा लाभ ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाला. तेव्हा शहाण्याने आधी बांधावे आणि सरकार मागून येईपर्यंत धीर धरावा, असे त्यांनी कांदाभज्यांच्या साक्षीने सांगितले. हा सल्ला देणारे स्वतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, हे मी पाहुणचाराचा मान राखून बोललो नाही.

नळाला रोज पाणी येत नसल्याने हौद मोठा हवा, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे असल्याने जिना रुंद हवा आणि देवघर ईशान्येलाच हवे, अशा मागण्या पूर्ण होता होता दिवाणखाना इतका आक्रसला, की सोफा आणि पाहुणे यांपैकी एकालाच आत घेता येईल.

जागेवर चुन्याची आखणी झाली त्या दिवशी आईने समोरची पट्टी स्वतःच्या हातांनी मोजली, दोन बाजा आरामात मावतात याची खात्री करून घेतली आणि कुरडया कुठे वाळतील, शेंगा कुठे पसरायच्या, हे सुनेला दाखवून दिले. वास्तुविशारदांनी चष्मा वर सरकवून क्षणभर विचार केला आणि कुरडयांना छप्पर नसल्यामुळे ते बांधकाम धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला.