जुना सिमेंटचा पाइप कापायला ग्राइंडर लावू नका

मागच्या महिन्यात नाशिकमधल्या आमच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या घराची पाण्याची सगळी लाइन बदलली. विहिरीवरून टाकीकडे येणारा जुना सिमेंटचा पाइप, घरातले गंजून बुजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप आणि मागच्या भिंतीवरचा गच्चीचा पावसाळी पाइप, सगळंच. काम चांगलं झालं, वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच धो धो पाणी येतंय. पण पहिल्या दिवशी सकाळी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही.

मी स्वयंपाकघरात होते. मागच्या बाजूने ग्राइंडरचा कर्कश आवाज आला म्हणून बाहेर गेले, तर प्लंबरचा मदतनीस, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, शिडीसारख्या घोड्यावर उभा राहून भिंतीवरचा सिमेंटचा पाइप कापत होता. तोंडाला नुसता रुमाल. पांढरा धुरळा त्याच्या केसांवर, पापण्यांवर, खाली तुळशीवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

प्लंबरदादा म्हणाले, "वहिनी, सिमेंटची धूळ आहे, पाणी मारलं की जाते. वीस वर्षं हेच करतोय मी."

हा माणूस आमच्याकडे दहा वर्षं येतो. प्रामाणिक आहे, हात स्वच्छ आहे, कामात चालढकल नाही. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. दुकानदार सांगत नाही, ठेकेदार सांगत नाही आणि आपण घरमालक तर फक्त "किती दिवसांत होईल" एवढंच विचारतो.

आपण ज्याला सिमेंटचा पाइप म्हणतो, तो नुसता सिमेंटचा नसतो. त्यात साधारण १० ते १५ टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. सिमेंटला बळकटी यावी म्हणून घातलेले. पाइप अखंड आहे तोवर ते तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. कोरडा पाइप ग्राइंडरने कापला, घणाने फोडला किंवा ड्रिल मारलं की ते हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वास नाही, खोकला येईलच असंही नाही. एकदा फुप्फुसात खोल गेले की शरीराला ते बाहेर काढता येत नाहीत. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही होतो. हे आता वादाचं राहिलेलं नाही. मेसोथेलिओमा दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागू शकतात. म्हणजे तो पोरगा पन्नाशीला येईल तेव्हा. तेव्हा मखमलाबादची ती सकाळ कुणाच्या लक्षात असणार आहे?

आमच्या मळ्यातली ही लाइन अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९७४ साली टाकली. बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल केली आणि पुढे दोन वर्षांनी पाइपलाइन. अण्णा अजून सांगतात, पाइप बैलगाडीतून आले, खाली गवताचा थर देऊन, कारण ठेच लागली की तडकायचे. दोन पाइपांच्या मध्ये कॉलर, त्यात रबराची रिंग, रिंगेला साबणाचं पाणी लावून पहारीने रेटून बसवायची. काही ठिकाणी बिडाचे जॉइंट. त्या लाइनवर आधी भाजीपाला झाला, मग द्राक्षबाग उभी राहिली. गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव, दरी-मातोरी, या सगळ्या पट्ट्यात शेतांखाली अशा लाइनी आहेत. लोखंडापेक्षा स्वस्त, गंजत नाही, घरातली पोरं मिळून टाकता येते. त्या काळात तो शहाणपणाचाच निर्णय होता आणि त्यासाठी अण्णांना कुणी दोष देऊ नये. पुढे त्रास दिला तो काळ्या मातीने. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ठिसूळ पाइप मधेच तडकतो. गेल्या तीन वर्षांत पाच वेळा खोदलं आम्ही.

मला मात्र आधी वेगळीच भीती होती. इतकी वर्षं या लाइनचं पाणी आम्ही प्यायलो, मुलं प्यायली. रात्र रात्र झोप लागली नाही. मग वाचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या ॲस्बेस्टॉससाठी मर्यादा ठरवलेली नाही, कारण पोटात गेलेले तंतू अपाय करतात याचा सुसंगत पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेने सावधगिरी म्हणून लिटरमागे ७० लाख लांब तंतूंची मर्यादा ठेवली आहे. म्हणजे पाण्याकडे दुर्लक्ष करा असं नाही. पाणी मऊ आणि आम्लधर्मी असेल तर ते आतून सिमेंट खातं आणि तंतू सुटतात, त्यामुळे जुनी, झिजलेली लाइन बदलणं योग्यच. पण खरा धोका प्यालेल्या पाण्यात नाही, कापताना नाकात जाणाऱ्या धुळीत आहे. आणि आपण नेमकं उलट करतो. पाणी शुद्ध व्हावं म्हणून पाइप बदलायला घेतो आणि बदलताना सगळं अंगण धुळीने भरून टाकतो.

मग आम्ही काय केलं ते सांगते. काम एक दिवस थांबवलं. त्या पोराला आधी तोंड-हात धुवायला लावलं, अंघोळ करायला लावली, घरचे कपडे दिले. पडलेली धूळ झाडली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली आणि फडकी पिशवीत बांधली. झाडूने झाडलं की ती पुन्हा हवेत जाते.

जमिनीतली विहिरीची लाइन आम्ही काढलीच नाही. प्लंबरदादांचा आग्रह होता की उकरून काढू, त्याच चरात नवीन टाकू. मी नाही म्हटलं. जमिनीत अखंड पडलेला पाइप कुणाला काही करत नाही. शेजारून दुसरा चर काढून एचडीपीई या प्लॅस्टिकचा काळा पाइप टाकला. तो लवचीक असतो, काळ्या मातीबरोबर थोडा हलतो. खर्च जरा वाढला, खोदाईचा. जुन्या लाइनचा नकाशा कागदावर काढून घराच्या फाइलमध्ये ठेवलाय, उद्या कुणी पाया खोदायला घेतला तर कळावं म्हणून.

भिंतीवरचा उरलेला पाइप शक्यतो कापलाच नाही. क्लॅम्प सोडले, कॉलरमधून सांधे मोकळे केले आणि पूर्ण लांबीचे पाइप दोघांनी मिळून हळू खाली घेतले. एका ठिकाणी कापावंच लागलं, तिथे फवाऱ्याने सतत पाणी मारत, पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड घालून, हाताच्या करवतीने. मास्क एफएफपी३ चे, म्हणजे अगदी बारीक धूळही गाळणारे, मागवले. रुमाल चालत नाही, कोविडमधला निळा मास्क तर अजिबात नाही. हे सगळं करायला अर्धा दिवस जास्त लागला. फक्त अर्धा दिवस!

घरात सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप, घातला. त्यातही दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. गार पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी पाइप सोलरच्या किंवा गिझरच्या लाइनला कधीही जोडू देऊ नका, तो गरम पाण्याने वाकतो. सीपीव्हीसीचे सांधे जोडायचं सोल्युशन वेगळं असतं, डब्यावर वाचून घ्या. दहा मीटरचा पाइप ३० अंशांनी तापला तर जवळजवळ दोन सेंटिमीटर लांबतो, म्हणून त्याला सिमेंटमध्ये सगळीकडून आवळू नये, हलायला जागा हवी. गच्चीवर उन्हात उघडा ठेवू नये. सांधे वाळायला पूर्ण दिवस द्यावा आणि मगच दाबाने तपासावं. आमच्याकडे दोन तासांत नळ उघडायची घाई चालली होती, ती मी होऊ दिली नाही. पाइपवर आयएस १५७७८ हा सीपीव्हीसी पाइपचा भारतीय मानक क्रमांक छापलेला आहे ना, ते पाहा. पीव्हीसी पाइपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दल २०२१ मध्ये केंद्राने नियम केलेत, तेव्हा कुठलाही प्लॅस्टिकचा पाइप घेताना शिसेमुक्त आहे का हे दुकानात स्पष्ट विचारा. स्वस्त, नाव नसलेला पाइप पिण्याच्या पाण्याला नको.

युरोपीय महासंघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर (क्रायसोटाइल, सगळ्यांत जास्त वापरला जाणारा प्रकार) बंदी जाहीर केली. आपल्याकडे पांढऱ्याच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांबद्दल निकाल दिला, कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं आणि त्याच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला लावली. मला फार पटलेला निकाल आहे हा. पण तो कारखान्यातल्या माणसासाठी. आपल्या घोड्यावर उभ्या राहिलेल्या पोराची नोंद कोण ठेवणार? त्या दिवशी त्याचा मालक प्लंबर होता, पण काम माझ्या घरचं होतं. ही जबाबदारी मी माझीच धरते, आणि तुम्हीही धरावी असं मला मनापासून वाटतं.

आता एकच गोष्ट सुटलेली नाही. काढलेल्या पाइपांचं काय करायचं? चार-पाच ठिकाणी विचारलं. "टाका की राडारोड्यात" हे उत्तर सगळ्यांत जास्त वेळा मिळालं. तो राडारोडा नाल्याकाठी, नदीकाठी जातो, वरून डंपर फिरतो, पाइपाचा चुरा होतो आणि तिथेच पोरं खेळतात. धोकादायक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगावला मोठे प्रकल्प आहेत, पण तिथला कचरा मुख्यतः कारखान्यांचा. घरचे आठ पाइप घेऊन मी तिथे कशी जाऊ? सिंहस्थाच्या तयारीत शहरभर खोदकाम चालू आहे, जुन्या लाइनी उघड्या पडणार आहेत. शहरात घरगुती ॲस्बेस्टॉस नेऊन द्यायची एक जागा असावी, आठवड्यातून एक दिवस का होईना. ही मागणी मी आमच्या प्रभागात लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला कळवा.

तोवर ते आठ पाइप आणि एक तुकडा जुन्या गोठ्यामागे आहेत. जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून. वर लाल रंगाने अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: ॲस्बेस्टॉस आहे, फोडू नये.